मामा म्हनत्यात

आमच्याकडं सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. भांडण नसतं, रीतच तशी. मी घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरायचं, सुनेनं पदर सारखा करून आत जायचं. मला चहा पाहिजे असला तर मी बायकोला सांगायचं, आणि सुनेला बाजारातनं काही पाहिजे असलं तर तिनं सासूला सांगायचं. सून मला मामा म्हणते, सासूला आत्या म्हणायची. माझ्या बापानं तेच केलं, मी तेच केलं. आताची पोरं हसतात. हसू द्या. सून येऊन इतकी वर्षं झाली, दोन नाती शाळेच्या वसतिगृहात राहण्याएवढ्या झाल्या, पण सुनेचं तोंड मी नीट बघितलं असेल असं मला वाटत नाही. आवाज ओळखायचो. बांगड्या ओळखायचो.

मधे माझी बायको होती. ती गेल्या थंडीत गेली.

तिच्याबद्दल लिहायला बसलो आणि बागेबद्दलच लिहायला लागलो, त्याला इलाज नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मी तिला काय गोड बोललो, ती मला काय बोलली, असलं माझ्यापाशी काही नाही. आमचं सगळं बोलणं केळीचं. पाणी आलं का, पील निघालं का, वाऱ्यानं किती पडली. सकाळी केळी, रात्री केळी. तिनं कधी दुसरं काही काढलं तर मीच म्हणायचो, ते राहू दे, आधी ठिबक बघून ये.

केम स्टेशनापासनं थोडं आत आमचं दोन एकर रान आहे. आधी ज्वारी असायची. पाईपलाईननं पाणी आलं तसा ऊस केला, मग केळी. एवढ्याशा तुकड्यात आमचा माल मोठ्या बागवाल्यांच्या बरोबरीनं परदेशाच्या गाडीत चढायचा. लोक बांधावर येऊन विचारायचे, खत कुठलं टाकता? मी सांगायचो, तुम्ही टाकता तेच. खोटं नव्हतं. खत सारखंच, पाणी सारखंच. आमच्याकडं कामं वाटलेली होती, एवढाच फरक. मोटार, ठिबक, खताची टाकी माझ्याकडं. बुडाशी फुटणारं जादा पील कापणं, वाळली पानं काढणं, घड बाहेर पडला की त्याचं टोकाचं लाल कमळ मोडणं, खालच्या बारक्या फण्या उतरवणं, हे सासूसुनांकडं. आणि माझं सुनेला, सुनेचं मला सांगणं बायकोकडं. ह्या शेवटच्या कामाला मी काम धरतच नव्हतो.

केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरनं जात नाही. म्हणून ती लुगड्यावरनं माझा जुना सदरा घालायची. बाह्या दुमडलेल्या, खिशात विळ्याची धार लावायचा दगड. ओळीतनं चालायला लागली की पानं बाजूला होताना नुसता सदरा दिसायचा, बाई दिसायचीच नाही. मी विहिरीवरनं वरडायचो,

"तिला सांग, पील वरनं छाटू नको म्हनावं. बुडातनं काढ. डोळे हायत का बटनं?"

ती ओळीत आत जायची. जरा वेळानं बाहेर यायची.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

संपलं. काम मात्र पुढच्या ओळीपासनं बरोबर झालेलं असायचं. तिनं काय सांगितलं, कसं सांगितलं, हे मी जन्मात विचारलं नाही.

ती गेल्यावर तेराव्याला भावकी बसली होती. पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे. तो घोंगडीकडं बघत म्हणाला, "बाग वाट्यानं द्यावी म्हनतो. बांधावरला शेजारी तयार हाय. मंडळींना घेऊन जातो. आण्णांनी बी यावं." हे तो मला म्हणत होता, पण बघत होता घोंगडीकडं. पोरगाही माझ्याशी आईच्या मार्फतच बोलणारा. मीही घोंगडीलाच सांगितलं, "हा खोडवा आमी करून बघतो. घड बाहेर पडंपर्यंत बघू. न्हाय जमलं तर द्या." खोडवा म्हणजे आधीच्या केळीच्या बुडातलं राखलेलं पील वाढवून घेतलेलं दुसरं पीक. ह्या खोडव्याचं एकेक पील तिनं निवडलेलं होतं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते तीच ठरवायची. ते उभं पीक दुसऱ्याच्या हातात द्यायचं माझ्या जिवावर आलं. पुण्याच्या खोलीत जाऊन मी काय करणार? खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी बघणार.

सून आतल्या दारात होती. बोलणार तरी कुणाला?

पोरगा गेला. घरात आम्ही दोघंच राहिलो आणि एक म्हैस.

मग मी म्हशीशी बोलायला लागलो. खोटं वाटेल, पण खरं आहे. दावणीपाशी उभं राहून स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणायचं, "आज वरल्या अंगाचं पाणी हाय. खालच्या अंगाला पील कापायला हरकत न्हाय." म्हैस रवंथ करायची. आत भांडं वाजलं की समजायचं, पोचलं. सुनेला काही सांगायचं असलं की ती चुलीला सांगायची. "विळा पार बोथट झालाय बाई, कुनी धार लावंल तर बरं." मी धार लावून विळा उंबऱ्यावर ठेवायचो. चालत होतं. पण सांगणं कमी झालं. म्हशीला किती सांगणार? चार शब्दांत बसेल तेवढंच आम्ही सांगायचो, बाकीचं जो तो आपल्या मनानं करायचा.

बायको गेल्यावर पहिल्यांदा मी सुनेला बागेत बघितलं तेव्हा तिनं तोच सदरा घातला होता. लांबून ओळीत नुसता सदरा हलत होता. माझा पाय वाफ्यातच रुतला. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, खरं सांगतो. मग बांगड्यांचा आवाज आला आणि तोंड मिटलं. विहिरीवर जाऊन बसलो. त्या दिवशी पाणी कुठल्या अंगाला सोडलं ते आठवत नाही.

ऐन उन्हाळ्यात घोटाळा झाला. दर सोमवारी ठिबकमधनं खत सोडायचं हे आमचं ठरलेलं. त्या सोमवारी लाईट पहाटेची होती. मी उठून टाकीत खत कालवलं, सोडलं, आणि माढ्याला मोटारीचा पार्ट आणायला गेलो. म्हशीला सांगायचं राहिलं. दुपारी पुन्हा लाईट आली. सुनेनं टाकी रिकामी बघितली. तिला वाटलं, मामांचं ध्यान नाही अलीकडं, विसरले. सोमवार तर आहे. तिनं पुन्हा खत कालवून सोडलं. वर ऊन असं की जमीन तव्यासारखी तापलेली. चार दिवसांत पानांच्या कडा जळाल्या, जशी भाकरी कडेनं करपते तशी.

बांधावरचा शेजारी आला. पान हातात धरून उलटंपालटं केलं.

"आण्णा, खत डबल पडलंय की वं."

"व्हय."

"कसं काय?"

"पडलं."

"तुमच्यात कोन कुनाशी बोलत न्हाय का काय?" आणि हसला. मग हसू आवरून म्हणाला, "ऱ्हागावू नका. बाग चांगली हाय. अजून वाट्यानं दिली तर सावरंल. मी पोराला फोन करतो."

मला राग आला तो त्याचा नाही आला. तो बरोबर बोलला म्हणून आला.

त्या दिवशी दावणीपाशी उभा राहिलो आणि म्हशीला म्हणालो, "आता नुसतं पानी सोडायचं. खताला कुनी हात लावायचा न्हाय."

आतनं सून चुलीला म्हणाली, "कुनी म्हंजे कोन? हितं दोघंच तर हावोत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघांनी बी!"

हे म्हशीला म्हणालो नव्हतो. आतनं हसण्याचा आवाज आला, दाबलेला. मी काठी घेऊन रानात निघून गेलो. पण चालताना माझंही तोंड वाकडं झालं होतं, कुणी बघितलं नाही हे बरं.

साधं पाणी देऊन देऊन बाग सावरली, पण जळालेली पानं जळालेलीच. पाऊस पडून गेल्यावर घड बाहेर पडायला लागले. पोराचा फोन आला होता, रविवारी येतो, काय ते ठरवून टाकू. सुनेनं ते चुलीला सांगितलं, मी ऐकलं.

घड बाहेर पडले की कामाची घाई असते. कमळ वेळेवर मोडलं नाही तर घडाचा जोर त्यात जातो. खालच्या फण्या उतरवल्या नाहीत तर वरच्या भरत नाहीत. मजूर बायका मिळेनात. आणि हे एकट्यानं होत नाही. एकानं शिडीवर चढायचं, दुसऱ्यानं शिडी धरायची, घडाला घालायची पिशवी वर द्यायची. सासू शिडी धरायची, सून चढायची. आता शिडी धरणारा मी.

मी शिडी धरून तोंड दुसरीकडं करून उभा राहिलो. वरून विळ्याचा आवाज येईना.

"काय झालं?" मी केळीच्या खोडाला विचारलं.

"किती फण्या ठिवू?" तीही घडालाच म्हणाली.

"आठ. दर साली आठच असत्यात."

विळा चालेना.

"सहा ठिवते."

"आठ म्हनलो न्हाय का?"

"पानं कुटं हायत आठाला? चांगली पानं बघा की किती ऱ्हायली. आठ ठिवल्या तर आठी बी बारीक ऱ्हातील. एक बी परदेशाच्या पेटीत जायची न्हाय. सहा भरतील तरी."

माझं डोकं तापलं. मी ह्या बागेत केस पांढरे केले आणि ही मला शिकवते. मी वर बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, कपाळावर चिकाचा ठिपका, आणि डोळे भरलेले. घाबरून नाही. चिडून.

"तुमीच म्हनला व्हता न्हवं आत्यांना!" ती म्हणाली. "पोरीला बागेतलं कळतंय, तिच्या हातानं व्हऊ द्या, मधी बोलू नका. आत्या हितंच सांगून गेल्या मला. मामा म्हनत्यात म्हनाल्या. आता आयकत का न्हाई मग?"

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. मी 'डोळे हायत का बटनं' म्हणालो होतो.

मी शिडी धरूनच विचारलं, "आनखी काय म्हनालो व्हतो मी?"

तिला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. पण माझं तोंड बघून ती शिडीवरनं खाली उतरली. बांधाच्या कडेला बसली, पदर डोक्यावर घेऊन, माझ्याकडं अर्धी पाठ करून. आणि सांगायला लागली.

दुसरी मुलगी झाली तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. कुणीतरी काहीतरी बोललं असेल, ती जेवत नव्हती. तेव्हा आत्या गेल्या आणि म्हणाल्या, मामा म्हनत्यात, नात आली, आता मला बागेत दोघी मदतीला येतील, पोरीनं तोंड पाडू नये. एकदा तिच्याकडनं वाऱ्यात शिडी पडून पाच-सहा घड मोडले. ती दिवसभर भीतीनं घरात आली नाही. आत्या गोठ्यात जाऊन म्हणाल्या, मामा म्हनत्यात, घड मोडले तर मोडले, हातपाय नीट हायत न्हवं? आणि दर उन्हाळ्यात दुपारी आत्या तिला सावलीला बसवायच्या. मामांनी सांगितलंय, ऊन उतरल्याबिगर कामाला लावू नको.

"तुमी समोर बोलत न्हाई, पर मनात ठिवता, असं आत्या म्हनायच्या," ती म्हणाली. "म्हनून तर ऱ्हायले मी. मला नवऱ्यानं कितीदा बोलावलं पुण्याला. जायचं असतं तर कवाच गेले असते."

मी दुसऱ्या नातीच्या वेळी काय म्हणालो होतो? काहीच नाही. पाणी सोडायला निघून गेलो होतो. मोडलेल्या घडांना मी काय म्हणालो, ते हितं लिहिण्यासारखं नाही. आणि उन्हात? उन्हात मी त्यांना बघितलंसुद्धा नव्हतं.

मग मला दुसरी बाजू आठवायला लागली. बायको मला सांगायची, सून म्हणती, मामांचं गुडघं दुखत्यात, त्यांच्या आंघोळीचं पाणी मी जादा तापवते. सून म्हणती, मामा जेवल्याबिगर मी बसत न्हाई. मला बरं वाटायचं. मी वर कधी दाखवलं नाही, पण म्हणायचो मनात, पोरगी चांगल्या घरची हाय. आता त्यातलं सुनेनं किती म्हटलं होतं आणि बायकोनं किती घातलं होतं, देवाला माहीत. मी विचारलं नाही. विचारून काय करू? पाणी तर गरम असायचंच.

विळा घेऊन बायको पील कापायची तसंच तिनं हे सगळं केलं. माझ्या बोलण्यातलं नको ते बुडातनं काढलं आणि एक राखलं. कित्येक वर्षं. दोन्ही बाजूंनी. आणि मला येऊन फक्त म्हणाली, सांगितलं.

मी जन्मभर खरं तेच बोलणारा माणूस. कुणाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो नाही, त्याचा मला गर्व होता. त्या दिवशी बांधावर एक शब्द बोललो असतो तर सगळं खरं बाहेर आलं असतं. की पोरी, मी ह्यातलं काही म्हणालो नव्हतो, ते सगळं तुझ्या सासूचं. जिभेवर आलं होतं. पण तिच्याकडं बघितलं. ती माझ्या भरवशावर इतकी वर्षं राहिली होती, आणि तो भरवसा माझा नव्हताच, पण आता मोडणारा मीच होतो.

"सहा ठिव," मी म्हणालो. खोडाला नाही, तिला. "तुला कळतंय."

ती पुन्हा शिडीवर चढली. सहा फण्यांखालचं सगळं उतरवलं, शेवटच्या काढलेल्या फणीतलं एक केळं मात्र तसंच ठेवलं. त्या एका केळ्यानं दांडा कुजत नाही खालनं, हे आम्ही सगळे करतो. मी पिशवी वर दिली. दिवसभर तसंच केलं. बोललोही. "ह्याला पाच." "ह्याला सात चालतील का?" "बघा, पानं बरी हायत." एवढंच बोलणं. पण एवढ्यानंच संध्याकाळपर्यंत दोघांत चार ओळी उरकल्या.

रविवारी पोरगा केमला उतरला, शेजाऱ्याला बरोबर घेऊनच आला. चहा झाला. पोरगा सुनेकडं बघून म्हणाला, "इचार आण्णांना, काय ठरवलं म्हनावं बागेचं."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

सून म्हणाली, "मी कशाला इचारू? समोर बसल्यात की. तुमीच इचारा."

शेजारी चहाच्या कपात बघायला लागला. पोरगा गोंधळला. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे आईसारखे आहेत, हे मला माहीत होतं, पण विसरलो होतो.

"आण्णा, जमंल का तुमाला?" तो म्हणाला. "मला नुसती काळजी हाय. दोघं दोन बाजूला तोंड करून बाग करता म्हनं. खत डबल टाकलं म्हनं."

"टाकलं," मी म्हणालो. "आता न्हाय टाकायचो. आता इचारून टाकतो."

"कुनाला?"

"हिला."

शेजारी म्हणाला, "आण्णा, ह्या वर्साला माल कमीच निघंल, सांगून ठिवतो."

"निघू दे कमी," सून म्हणाली. "जो निघंल तो पेटीत जाईल." मग नवऱ्याकडं वळून, एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मामा मगाशी म्हनत व्हते, पोरगा लई वाळलाय. तितं जेवायचं नीट बघतोस का न्हाई, इचार त्याला."

मी तसं काही म्हणालो नव्हतो. मगाशी तर मी मोटारीबद्दल बोलत होतो. मी सुनेकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, कपबशा गोळा करत होती.

पोरगा मला म्हणाला, "खरंच म्हनला का?"

"व्हय," मी म्हणालो. "म्हनलो. गालफाडं बसल्यात तुझी."

तो गालावरनं हात फिरवत बसला. मग शेजाऱ्याला म्हणाला, "ह्या खेपेला ऱ्हाऊ द्या. ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या." शेजारी उठून गेला. ऱ्हागावला नाही. जाताना म्हशीच्या पाठीवर थाप मारून गेला.

मग पोरगा उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चला आण्णा, बाग दावा मला."

त्याला मी कधी बाग दाखवली नव्हती. तो आईबरोबर फिरायचा. पिशव्या घातलेल्या घडांच्या ओळीत आम्ही दोघं शिरलो. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून पहिल्या झाडापासनं सुरवात केली.